मारुतीच्या पारामागचे दगड: नाशिकच्या शिवारात वीरगळ पाहायला निघालेल्या नवख्यांसाठी

नाशिक जिल्ह्यातल्या जुन्या गावांत फिरताना मारुतीच्या देवळामागे, वेशीपाशी किंवा पडक्या महादेवाच्या आवारात दोन-तीन फुटांचे कोरीव दगड टेकवून ठेवलेले दिसतात. एखाद्यावर शेंदराचा जाड थर, एखाद्यावर ऑइल पेंट, एखादा डोकं खाली करून उलटाच रोवलेला. गावात विचारलं तर 'पांडवांनी एका रात्रीत आणून टाकले' किंवा 'पूर्वी इथं मोठं युद्ध झालं' एवढंच कळतं. हल्ली या दगडांवर 'गूढ', 'रहस्यमय' म्हणून मोबाइलवर व्हिडिओही फिरतात. खरं सांगायचं तर रहस्य त्यात फारसं नाही. हे दगड वाचण्याची एक ठरलेली रीत आहे आणि ती अर्ध्या दिवसात शिकता येते. कठीण काम वेगळंच आहे: दगड जागचा न हलवता, त्याला काही न फासता आणि गावाला सोबत घेऊन त्याची नीट नोंद करायची. या लेखातला बराचसा भाग त्याच कामाबद्दल आहे.

समोर काय आहे ते आधी ओळखा

सगळ्यात जास्त सापडतात ते वीरगळ. लढाईत, गावावर पडलेल्या धाडीत किंवा गुरं सोडवताना मेलेल्या माणसाचं हे स्मारक. उभ्या शिळेवर एकावर एक चौकटी कोरलेल्या असतात, माथ्यावर बहुधा कलश असतो आणि बाजूला चंद्र-सूर्य. महाराष्ट्रात शिलाहार आणि यादवांच्या काळात असे दगड मोठ्या संख्येनं उभे राहिले आणि पुढं मराठेशाहीपर्यंत ही चाल टिकली.

दुसरी सतीशिळा. कोपरात काटकोनात दुमडलेला हात, मनगटात भरलेला चुडा, पंजा वर उघडा. हा हात दिसला की शंका उरत नाही. कधी वीरगळाच्याच एका कोपऱ्यात हा हात असतो. मग नवरा-बायको दोघांचं स्मारक एकाच दगडात आहे असं समजा. इथं एक गोष्ट स्पष्टच लिहितो. सतीशिळेची नोंद करा, फोटो घ्या, पण हार घालून 'सतीमातेचा महिमा' सांगणारी पोस्ट टाकू नका. १९८७ च्या कायद्यानं सतीचं उदात्तीकरण हा गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी त्या हातामागं एक बाई जळाली आहे हे विसरून चालणार नाही.

तिसरा प्रकार गधेगाळ. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि स्त्री. दिलेलं दान मोडणाऱ्याला दिलेली ही दगडातली शिवी आहे. कोकणात, शिलाहारांच्या मुलखात, हे जास्त मिळतात. अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४ चा लेख याच जातीचा. घाटावर गधेगाळ दिसला तर घाई न करता नीट नोंदवा. गाय-वासरू कोरलेला दगड असेल तर तो धेनुगळ, म्हणजे जमिनीच्या दानाशी जोडलेला.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या बाजूला गेलात तर वेगळंच जग लागतं. तिथं वाघ, नाग, मोर, चंद्र, सूर्य कोरलेला दगड किंवा लाकडी फळी दिसेल. तो वाघदेव. वाघबारशीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, त्याची पूजा होते. कोकणा, महादेव कोळी, वारली घरांतून मेलेल्या माणसाच्या नावानं चिरा बसवण्याचीही रीत आहे. हे दगड जुने असोत की नवे, ते चालू पूजेतले आहेत. तिथं आपण पाहुणे. टेप काढण्याआधी त्या कुळातल्या माणसाला विचारायचं आणि तो नको म्हणाला तर नमस्कार करून पुढं निघायचं.

आणि जे स्मारक नव्हेच, त्याचीही ओळख हवी, कारण नवखा माणूस हमखास तिथं अडतो. जुन्या विहिरीच्या काठावर भोक पाडलेले दोन उभे दगड दिसले तर ते बहुतेक मोटेचे असतात. शिवेवरचे बिनकोरीव दगड गावाच्या हद्दीचे. मोजणीखात्यानं आणि रेल्वेनं रोवलेले दगड तर ठिकठिकाणी आहेत. उभ्या दगडांची वर्तुळं, महापाषाणयुगातली म्हणतात ती, पाहायची असतील तर त्यासाठी विदर्भ गाठा. नागपूरजवळचं जुनापाणी त्याबद्दल प्रसिद्ध आहे. आपल्याकडं मोकळ्या माळावर गोल गोल धोंडे पसरलेले दिसले तर ते बहुधा कुणी मांडलेले नसतात. बेसॉल्ट हवापाण्यानं पापुद्रे सुटत असा गोल होत जातो.

डोळा तयार करायला सिन्नर आणि अंजनेरी

थेट खेड्यात शिरू नका. आधी एक सकाळ सिन्नरच्या गोंदेश्वराला द्या. बाराव्या शतकाच्या आसपासचं हे यादवकालीन पंचायतन. मधलं मोठं देऊळ शिवाचं, भोवती चार लहान. सिन्नर म्हणजे यादवांचं सुरुवातीचं राजधानीचं गाव. देवगिरीला राजधानी गेली ती नंतर, बाराव्या शतकाच्या अखेरीस. गोंदेश्वरावर माणसं कशी कोरली आहेत ते निवांत पाहा: अंबाडा कसा, ढाल केवढी, घोड्यावरचा बसलाय कसा, कमरेचं वस्त्र कुठवर येतं. वीरगळावरचं कोरीवकाम याच्यापेक्षा पुष्कळ ओबडधोबड असतं, पण खुणा त्याच. एकदा चांगलं कोरीव पाहिलं की झिजलेल्यातलंही कळायला लागतं.

अंजनेरीची जुनी देवळं त्र्यंबक रस्त्यावर, नाशिकपासून साधारण वीस किलोमीटर. तिथल्या एका जैन मंदिरात शके १०६३ चा लेख आहे आणि यादव राजा सेउणदेवाच्या काळातलं दान त्यात नोंदलं आहे. दान कशाचं? काही दुकानांच्या उत्पन्नाचं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे हा लेख साधारण ११४१-४२ चा. ही बेरीज पाठ करून टाका, पुढं रोज लागते.

गोंदेश्वर आणि अंजनेरी दोन्ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडं आहेत. साधा फोटो काढायला कुणी अडवत नाही. ट्रायपॉड, ड्रोन यांची गोष्ट वेगळी, त्याला परवानगी लागते.

खेड्यापाड्यांतल्या सुट्या दगडांची गावं मी इथं मुद्दाम देत नाही. कोरीव दगड उचलून नेणारे लोकही असले लेख वाचतात.

कधी जायचं

दसरा-दिवाळीनंतर खरिपाची पिकं निघतात, गवत वाळतं आणि बांध उघडे होतात. तिथून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबककडं दगडावर शेवाळ चढतं आणि कोरीव काही दिसत नाही. गवतात घोणस असते ती निराळीच. बागलाण, मालेगाव, येवल्याकडं एप्रिलनंतर सकाळी दहाच्या पुढं दगडासमोर उभं राहवत नाही. उन्हाळ्याचा एक फायदा मात्र आहे: धरणांचं पाणी उतरलं की बुडालेल्या गावठाणांच्या खुणा वर येतात. चांदोरीला गोदावरीच्या पात्रातली देवळं अशीच उघडी पडतात. फक्त गाळात पाय टाकण्याआधी काठी टाकून बघा.

देवळालीच्या परिसरात लष्कराचा तोफखान्याच्या सरावाचा मोठा टापू आहे. तिथले लाल फलक आणि झेंडे दिसले की मागं फिरायचं. कितीही जुना दगड असला तरी.

गावात शिरताना

हा भाग वाचून सोडू नका, पाळा. अनोळखी माणसं जुन्या दगडाभोवती टेप धरून फिरताना दिसली की गावाच्या मनात पहिला शब्द येतो तो गुप्तधन. आणि त्यात गावाचं चुकत नाही. वीरगळाच्या बुडाशी हंडा पुरलाय या खुळापायी कितीतरी दगड उपटले गेले आहेत. बाजूचे खड्डे तुम्हालाही दिसतील. म्हणून आधी पोलीस पाटील, सरपंच किंवा देवळाचा गुरव यांच्यापैकी कुणाला तरी भेटायचं, नाव-गाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं. पिशवीत टिकाव, फावडं, सळई असलं काही ठेवायचं नाही. अमावास्येला जायचं नाही. तुमचा विश्वास असो-नसो, गावाला संशय यायला तेवढं पुरे होतं.

विचारायचं ते म्हाताऱ्या माणसांना आणि गुरं राखणाऱ्यांना. 'बाबा, इथं वीरगळ आहेत का?' असं विचारलं तर नाही म्हणतील, कारण तो शब्द घरात वापरात नसतो. 'बाबा, घोड्यावरचा माणूस कोरलेला दगड कुठं आहे का? शेंदूर लावलेला, वीर म्हणतात तो?' असं विचारा. मग एकाचे चार दगड निघतात. वीर हा शब्द नाशिककरांना नवा नाही. जुन्या नाशकात धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते, घराघरातले देव्हाऱ्यातले वीर वाजतगाजत गोदेवर स्नानाला येतात, नवरदेवासारखा सजलेला दाजीबा वीर त्यात सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो. अकाली गेलेल्या पूर्वजाला वीर करून पुजायचं ही भावना शिवारातल्या दगडापासून फार लांबची नाही. दोन्हींचा धागा मला तरी एकच वाटतो.

दगडापाशी पोचलात की पहिला प्रश्न एकच: 'हा पहिल्यापासून इथंच आहे का?' बहुतेक वेळा उत्तर येतं, 'नाही हो, आधी तिकडं ओढ्यापाशी होता. रस्ता झाला तेव्हा जेसीबीनं इकडं आणला.' हे उत्तर शब्दशः लिहून घ्या आणि ती मूळ जागाही पाहून या. खिंडीत उभा असलेला दगड, पाणवठ्यावरचा दगड आणि वेशीवरचा दगड या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा गेली की कोण कुठं आणि कशासाठी मेला याचा निम्मा पुरावा गेला. सिंहस्थासाठी आणि महामार्गांसाठी रस्ते रुंद होताहेत, त्यामुळं ही माहिती सांगणारी पिढी आहे तोवरच ती लिहून घेतलेली बरी.

दगड वाचायचा खालून वर

सगळ्यात खालची चौकट म्हणजे मरण. वीर आडवा पडलेला असतो. त्याच्याजवळ गाई कोरल्या असतील तर गुरं वळवायला आलेल्यांशी झुंजताना तो गेला. वाघ किंवा डुक्कर असेल तर शिकारीत किंवा जनावराच्या हल्ल्यात. खालची चौकट पुष्कळदा जमिनीत गेलेली असते, म्हणून तीन चौकटी दिसल्या म्हणजे तीनच आहेत असं धरू नका. उकरून बघायचं मात्र नाही. दिसतं तेवढंच लिहायचं आणि 'खालचा भाग जमिनीत' अशी नोंद करायची.

त्याच्या वरची चौकट लढाईची. वीर ओळखायचा कसा? तो इतरांहून मोठा काढलेला असतो. समोर घोडेस्वार, हातात भाला किंवा तलवार. वीर पायीच असेल आणि शत्रू घोड्यावर, तर तो बहुधा गावचाच माणूस, राजाचा सरदार नव्हे. हा माझा अंदाज, नियम नाही. धनुष्य, कट्यार, गोल ढाल जे दिसेल ते टिपा. चौकटीच्या कोपऱ्यांत बघा, मेलेले शत्रू तिथं एकावर एक रचलेले असतात.

तिसरीत अप्सरा येतात. दोघी दोन्ही बाजूंनी वीराच्या काखेत हात घालून त्याला वर नेतात, कुणाच्या हातात चवरी असते. काही ठिकाणी पालखी किंवा विमान. झिजलेल्या दगडावर ही चौकट तीन माणसं हात धरून नाचताहेत अशी दिसते. पाय पाहा: मधल्याचे पाय जमिनीला टेकलेले नसतात.

सगळ्यात वर शिवलिंग, एका बाजूला पूजा करणारा पुजारी आणि दुसरीकडं हात जोडून बसलेला वीर. तो शिवलोकी पोचला. लिंगाच्या जागी मांडी घातलेला ध्यानस्थ जिन, म्हणजे जैन तीर्थंकर, असेल तर वीर जैन. त्यावर कलश, आणि चंद्र-सूर्य म्हणजे ते आहेत तोवर ही कीर्ती राहील. काही वीरगळ चारही बाजूंनी कोरलेले असतात, म्हणून भिंतीला टेकलेल्या दगडाची मागची बाजू हात घालून चाचपा. बोटांना कळतं. त्याआधी फटीत विंचू नाही ना, ते टॉर्चनं बघून घ्या.

दिसत नसेल तर उजेड बदला

आपला दगड काळा बेसॉल्ट. भर दुपारी सरळ उजेडात त्यावरचं कोरीव सपाट दिसतं आणि माणूस 'काही नाही यात' म्हणून निघून जातो. उजेड तिरपा हवा. सकाळी साडेसात-आठ किंवा ऊन कलल्यावर, दगडाच्या अंगालगत ऊन येतं तेव्हा पाहा. देवळाच्या मागच्या सावलीत ऊन पोचतच नसेल तर जाड सतरंजी किंवा काळी छत्री धरून अंधार करा आणि टॉर्च दगडाच्या कडेला टेकवून आडवा मारा. मग तो कडेनं हळूहळू फिरवा. मघाशी नुसता खडबडीत वाटलेला भाग एकदम घोड्याचा लगाम होतो, बाजूच्या खळग्यातून तलवारीची मूठ निघते. मोबाइलमधला फ्लॅश समोरून पडतो, तो बंद ठेवा. घरातला हातआरसा असेल तर उन्हाची तिरीप सावलीत वळवता येते. फार स्वस्त आणि फार उपयोगी साधन आहे ते.

खडू, पीठ, रांगोळी, भस्म चोळून अक्षरं उठवायची सवय काही लोकांना असते. ते करू नका. बेसॉल्टच्या बारीक छिद्रांत ती पूड बसते आणि निघत नाही. तारेचा ब्रश, ॲसिड, तेल यांचं तर नावच नको. शेंदूर खरवडून खालचं कोरीव बघण्याचा मोह होतो, पण तो शेंदूर कुणाच्या तरी श्रद्धेचा आहे, आणि खरवडताना दगडाचा पापुद्राही त्याच्याबरोबर येतो. वाळलेली पानं, कोळ्याची जाळी हातानं बाजूला केली तर हरकत नाही.

लेख सापडला तर

वीरगळांवर लेख क्वचित असतो. सापडलाच तर तो बहुधा दोन चौकटींमधल्या पट्टीवर असेल. 'स्वस्ति श्री शके' अशी सुरुवात शोधा, मग आकडे, मग संवत्सराचं नाव. अक्षरं देवनागरी असली तरी आजच्यासारखी नाहीत. 'के' ची मात्रा वर न जाता 'क' च्या आधी उभ्या रेघेसारखी येते. तिला पडिमात्रा म्हणतात आणि नवखा माणूस तिला काना समजून पूर्ण शब्दच चुकीचा वाचतो. म्हणून वाचायच्या फंदात पडण्याआधी फोटो काढा: पूर्ण पट्टी एकदा, नंतर डावीकडून उजवीकडं एकावर एक थोडे चढतील असे तुकडे, आणि तेच परत उजेडाची बाजू बदलून. कागदाचा ठसा घेणं हे शिकलेल्या माणसाचं काम आहे, यूट्यूब बघून करायचं नाही.

नोंद अशी ठेवा

वही साधी चालते. गाव, तालुका, जागेचं वर्णन, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, दगडाची जमिनीवरची उंची, रुंदी, जाडी, तोंड कोणत्या दिशेला, किती चौकटी, प्रत्येकीत खालून वर काय, मोडतोड कुठं, कशाचा लेप आहे, गाव त्याला काय म्हणतं, पूजा कधी होते, मूळ जागा कोणती. फोटोत मोजपट्टी हवी. नसेल तर काठीला दर दहा सेंटीमीटरवर रंगीत चिकटपट्टी लावून न्या. एक फोटो लांबून, आजूबाजूचं देऊळ-झाड-ओढा दिसेल असा. हा फोटो सगळे विसरतात, आणि दहा वर्षांनी दगड हलवला गेला तर तोच कामाला येतो. सांगणाऱ्या माणसाचं नाव लिहायचं तर त्याला विचारून.

काळ ठरवण्याची घाई करू नका. शक कोरलेला नसेल तर 'यादवकालीन शैलीचा वाटतो' इथवर थांबा. 'हजार वर्षांपूर्वीचा' असं गावात सांगून टाकलं की तोच आकडा पुढच्या जत्रेच्या पत्रिकेत छापून येतो.

नोंद झाल्यावर

शंभर वर्षांहून जुनी कोरीव शिल्पं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. विकणं, परदेशी पाठवणं तर सोडाच, 'सांभाळायला' म्हणून घरच्या बागेत आणून ठेवणंही अंगाशी येऊ शकतं. शेत नांगरताना नवा दगड निघाला तर शेतकरीदादांना तलाठ्यामार्फत तहसीलला कळवायला सांगा. शेत जप्त होईल या भीतीनं लोक दगड विहिरीत ढकलतात. अशा एका सुट्या दगडापायी शेत जात नाही, हे त्यांना शांतपणे सांगायला हवं.

सगळ्यात मोठा धोका चोराचा नाही, जीर्णोद्धाराचा आहे. देऊळ पाडून नवं बांधताना वीरगळ पायात भरतात, पायरीला लावतात, नाहीतर टाइल्सच्या भिंतीत सिमेंटनं चिणतात. वर्गणी जमायला लागली अशी कुणकुण लागली की मंदिर समितीला भेटा. नुसतं 'वारसा आहे' म्हणू नका, तोडगा घेऊन जा: देवळाच्या एका कडेला, पाणी साचणार नाही अशा मुरमाच्या ओट्यावर, सिमेंट न लावता, तोंड बाहेर करून दगड ओळीनं उभे करायचे आणि शेजारी साध्या मराठीत पाटी लावायची. हलवावेच लागले तर आधी सगळ्या नोंदी, मूळ जागेसह. अशा ओट्याला खर्च थोडा येतो, आणि गावातल्या एखाद्या तरुण मंडळानं मनावर घेतलं तर काम लगेच होतं.

तुमच्या नोंदीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या, एक गावच्या शाळेत आणि एक राज्य पुरातत्त्व विभागाच्या नाशिक कार्यालयात. कार्यालयात पत्र दिलं तर पोच घ्या. शाळेला देताना दगडाचा एक मोठा छापील फोटो द्या, चौकटींना खालून वर आकडे घातलेला, म्हणजे गुरुजींना मुलांना तिथं नेऊन शिकवता येईल.